पाचरींच्या खुणा आणि एक शाळामास्तर

शिक्षकांच्या एका शिबिरात मी एकदा एक कोडे घातले होते. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, पण अक्षरांच्या जागी चौकोन, त्रिकोण, फुली, गोल अशा खुणा वापरल्या. शब्द संपला की एक तिरकी रेघ. ओळी मराठ्यांच्या इतिहासातील आहेत, एवढेच सांगितले. मूळ मजकूर असा होता: 'संभाजी, छत्रपती, शिवाजी छत्रपतीचा पुत्र' आणि 'शिवाजी, छत्रपती, शहाजीचा पुत्र'. (कोड्याच्या सोयीसाठी आदरार्थी शब्द गाळले होते.) गणिताच्या शिक्षकांनी लगेच कोणती खूण किती वेळा आली ते मोजायला घेतले. इतिहास शिकवणाऱ्या एक बाई मात्र बराच वेळ नुसत्या फळ्याकडे पाहत बसल्या आणि मग म्हणाल्या, "नातवाच्या नावापुढे पदवी आहे, मुलाच्या नावापुढे आहे, पण आजोबांच्या नावापुढे नाही. मग हे शहाजीराजेच असणार."

तीन नावे हाती आली आणि मग खुणांना भराभर उच्चार मिळत गेले.

हे कोडे माझे नाही. १८०२ सालच्या उन्हाळ्यात जर्मनीतील गॉटिंगेन या गावी एका शाळामास्तराने ते सोडवले होते. त्याच्यापुढचे कोडे खरे होते आणि त्याचे उत्तर त्या वेळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. सुमारे दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी इराणमधील पर्सेपोलिसच्या राजवाड्यांवर कोरलेले लेख, लिपी अज्ञात, भाषाही अज्ञात. मास्तराचे नाव गेओर्ग फ्रीडरिश ग्रोटेफेंड. वय २७.

ग्रोटेफेंडचा जन्म ९ जून १७७५ रोजी म्युंडेन या गावी झाला. गॉटिंगेन विद्यापीठात तो लॅटिन-ग्रीकचे मोठे पंडित हाइने यांच्या हाताखाली शिकला आणि १७९७ साली त्याच गावच्या शाळेत सहायक शिक्षक म्हणून लागला. लॅटिन आणि ग्रीक हे त्याचे विषय. विभक्ती-प्रत्यय घोकून घ्यायचे, उतारे भाषांतराला द्यायचे, वह्या तपासायच्या, असा रोजचा दिनक्रम. पौर्वात्य भाषांचा त्याचा अभ्यास नव्हता. एक छंद मात्र होता. १७९९ साली त्याने 'सर्वांना वाचता येईल अशी विश्वलिपी' या विषयावर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली होती. खुणा आणि त्यांचे अर्थ यांची जुळणी कशी होते, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून होता.

गॉटिंगेनच्या ग्रंथालयातील फिओरिलो नावाचे सचिव त्याचे मित्र होते. एकदा दोघे फिरायला गेले असता वाद निघाला: ज्या लेखाची लिपीही ठाऊक नाही आणि भाषाही ठाऊक नाही, तो कधी वाचता येईल का? ग्रोटेफेंड म्हणाला, येईल. काही पुस्तकांत ही पैज मद्याच्या मैफलीत लागली असे रंगवून सांगितलेले असते. फिरायला जाणाऱ्या दोन पुस्तकी माणसांची हकिकत मला अधिक पटते. ते काही असो. पैजेसाठी ग्रोटेफेंडने निवडले ते पर्सेपोलिसचे लेख.

हे लेख ज्या लिपीत आहेत तिला आज क्यूनिफॉर्म किंवा कीलाकार लिपी म्हणतात. सुताराच्या पाचरीसारख्या, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या, आडव्या, उभ्या, तिरप्या खुणा. युरोपातून गेलेल्या काही प्रवाशांना ही लिपी नसून निव्वळ नक्षी आहे असे वाटले होते. तिच्या भरवशाच्या नकला ज्याने युरोपात आणल्या तो कार्स्टेन नीबूर हा मुळात गणित आणि मोजणी शिकलेला माणूस. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता. मोहिमेतील माणसे एकामागून एक तापाने गेली. मुंबईला जहाज लागले तेव्हा दोघेच उरले होते, आणि त्यांपैकी डॉक्टर १७६४ च्या फेब्रुवारीत मुंबईतच वारला. नीबूर एकटा राहिला. वर्षभराच्या मुंबईतील मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, चित्रे काढली, आणि १७६४ च्या डिसेंबरात मस्कतमार्गे इराणकडे निघाला. १७६५ च्या मार्चमध्ये पर्सेपोलिसच्या उन्हात तीन आठवडे बसून त्याने एकेक पाचर उतरवून घेतली. त्या प्रखर प्रकाशाने त्याचे डोळे दुखावले. १७७८ साली हे लेख छापून आले.

नीबूरने नकला तर केल्याच, शिवाय मोजणीदाराच्या नजरेने दोन-तीन गोष्टी टिपल्या. लेख डावीकडून उजवीकडे लिहिले आहेत. एकाच जागी तीन निरनिराळ्या लिप्या दिसतात. त्यांपैकी सर्वांत सोप्या लिपीत केवळ ४२ खुणा आहेत, म्हणजे ती बहुधा अक्षरांची लिपी असावी. पुढे १७९८ च्या सुमारास रोस्टोकच्या ट्युक्सेन यांनी आणि कोपनहेगनच्या म्युंटर यांनी ओळखले की मधूनमधून येणारी एकटी तिरपी पाचर ही दोन शब्द वेगळे करणारी खूण आहे. म्युंटर यांनी आणखी दोन गोष्टी मांडल्या: हे लेख हखामनी घराण्यातील राजांचे असावेत, आणि सात खुणांचा एक शब्द जो वारंवार येतो, तो 'राजा' असावा. तो शब्द कधीकधी लागोपाठ दोनदा येतो आणि दुसऱ्या वेळी त्याला शेपूट जोडलेले असते. 'राजा राजांचा'!

इतके सगळे ग्रोटेफेंडच्या आधी झालेले होते, हे मी मुद्दाम सांगते आहे. शून्यातून लिपी वाचणारा एकांडा प्रतिभावंत, असे त्याचे चित्र काढले जाते. ते खरे नाही.

आणखी एक धागा फ्रान्सकडून आला. सिल्व्हेस्त्र द सासी यांनी ससानी राजांचे पहलवी लेख नुकतेच वाचले होते. ते पर्सेपोलिसच्या लेखांनंतर सात-आठशे वर्षांनी कोरलेले, पण त्यांतला मजकूर ठरीव साच्याचा होता: अमुक, थोर राजा, राजांचा राजा, अमुक राजाचा पुत्र. ग्रोटेफेंडने विचार केला, राजदरबारी मायने सहसा बदलत नाहीत. इराणच्या राजांनी हा मायना आपल्या पूर्वजांकडूनच उचलला असेल, तर जुन्या लेखांतही तोच असला पाहिजे.

त्याने नीबूरच्या नकलांतून दोन छोटे लेख निवडले. राजाच्या कोरीव प्रतिमेजवळचे, सारख्या धाटणीचे. शब्द वेगळे करून त्यांत मायना बसवला, तो असा बसला:

पहिला लेख: 'क, थोर राजा, राजांचा राजा, ख राजाचा पुत्र…'
दुसरा लेख: 'ख, थोर राजा, राजांचा राजा… ग चा पुत्र…'

येथे व्याकरण शिकवणाऱ्या मास्तराची नजर कामी आली. 'ख' हे नाव दोन लेखांत तंतोतंत सारखे नव्हते. एका ठिकाणी ते किंचित बदललेले होते. दुसरा एखादा ही दोन वेगळी नावे समजून सोडून देता. 'राम' आणि 'रामस्य' यांतील फरक रोज मुलांना शिकवणाऱ्याला मात्र हा षष्ठी विभक्तीचा फरक आहे हे चटकन दिसले. उच्चार एकाही खुणेचा माहीत नव्हता, तरी विभक्ती कळली.

आणि मग ती शिबिरातल्या बाईंना दिसलेली गोष्ट: 'ग' च्या पुढे 'राजा' हा शब्द नाही. नातू राजा, मुलगा राजा, आजोबा राजा नाही. हिरोडोटस आणि इतर ग्रीक लेखक ग्रोटेफेंडच्या रोजच्या शिकवण्यातले होते. हखामनी वंशावळ त्याने डोळ्यांपुढे आणली. सायरस आणि कॅम्बायसिस? नाही, सायरसच्या बापाचे नाव कॅम्बायसिस आणि मुलाचेही कॅम्बायसिस, मग 'क' आणि 'ग' एकच हवे होते, ते तसे नव्हते. शिवाय दोन्ही नावे एकाच ध्वनीने सुरू होतात आणि लेखातील दोन नावांची पहिली खूण वेगळी आहे. सायरस आणि आर्टाझर्क्सीझ? एक नाव फार आखूड, दुसरे फार लांब. लेखातील नावे सारख्या लांबीची आहेत. उरले झर्क्सीझ आणि त्याचा बाप दार्युश. दार्युशचा बाप हिस्टॅस्पीझ हा राजा नव्हता, हे हिरोडोटसमध्ये स्वच्छ लिहिलेले होते.

एक गंमत सांगते. 'दोन्ही नावे एकाच ध्वनीने सुरू होतात' हा त्याचा युक्तिवाद आज आपल्याला चुकीचा आहे हे माहीत आहे. या लिपीत 'क' आणि 'कु' यांना निरनिराळ्या खुणा आहेत. सायरसचे नाव 'कु'ने सुरू होते आणि कॅम्बायसिसचे 'क'ने, म्हणजे पहिल्या खुणा वेगळ्याच असतात! निष्कर्ष बरोबर निघाला, कारण त्याच्याकडे दुसरा, भक्कम पुरावाही होता. विज्ञानात असे पुष्कळदा होते. पाठ्यपुस्तकात मात्र फक्त बरोबर ठरलेले युक्तिवाद छापले जातात.

आता नावांचे ग्रीक उच्चार उपयोगाचे नव्हते. झर्क्सीझला त्याच्या घरी कोणी झर्क्सीझ म्हणत नसणार. ग्रोटेफेंडने अवेस्ता, हिब्रू बायबल यांतील रूपे चाळली. अवेस्ता युरोपात आणला होता आंकतील द्युपेराँ या फ्रेंच माणसाने. सुरतेच्या पारशी दस्तुरांकडे तो शिकला होता आणि १७७१ साली त्याने भाषांतर छापले होते. त्यात हिस्टॅस्पीझचे रूप ग्रोटेफेंडला मिळाले: 'गोश्तास्प'. सात ध्वनी. आणि लेखातील नावातून विभक्तीचे शेपूट काढल्यावर खुणा उरत होत्या सातच.

पुढचा भाग वर्गात करून पाहण्यासारखा आहे, म्हणून तो आकड्यांत देते. प्रत्येक निराळ्या खुणेला एक क्रमांक दिला, तर मूळ लेखातील चार शब्द असे दिसतात:

ख (दार्युश): १ २ ३ ४ ५ ६ ७
क (झर्क्सीझ): ८ ७ ४ २ ३ ७ २
ग (हिस्टॅस्पीझ): ११ १० ७ १२ २ १३ १४
राजा: ८ ७ २ ४ ९ १० ४

ग्रोटेफेंडने 'ख' वाचला द-आ-र-ह-ए-उ-श. मग 'क' मध्ये ७, ४, २, ३ या खुणांचे उच्चार आपोआप ठरले: ?-श-ह-आ-र-श-आ. पहिली खूण ख् धरली की 'ख्शहार्शा', म्हणजे झर्क्सीझचे अस्सल रूप समोर येते. 'ग' मध्ये तिसरी खूण ७ आणि पाचवी २, म्हणजे तिसरा ध्वनी 'श' आणि पाचवा 'आ' हवा. गो-श्-ता-स्प: ग, ओ, श, त, आ, स, प. तिसरा श, पाचवा आ!

या आकड्यांकडे नीट पाहा. नावे चुकीची असती तर ७ या खुणेला एका ठिकाणी 'श' आणि दुसऱ्या ठिकाणी 'म' म्हणण्याची पाळी आली असती. शब्दकोड्यात आडवा शब्द उभ्या शब्दाला छेदतो तशी ही नावे एकमेकांना छेदतात, आणि प्रत्येक छेदावर अंदाज फसण्याची शक्यता होती. तो फसला नाही. मी स्वतः स्फटिकांच्या रचनेवर काम करते. क्ष-किरणांच्या डागांवरून अणूंच्या जागा शोधताना आम्हीही असेच करतो: आधी दोन-चार जड अणूंच्या जागा अंदाजाने ठरवायच्या, त्यावरून बाकीचे काय दिसायला हवे ते काढायचे, आणि ते डागांशी ताडून पाहायचे. ग्रोटेफेंडच्या हाती लागलेली तीन नावे हे त्याचे जड अणू होते.

तीन नावांत मिळून खुणा १३. आजच्या ज्ञानाप्रमाणे तपासले तर त्यांपैकी नऊ त्याने बरोबर वाचल्या होत्या: द, आ, र, उ, श, ख, त, स, प. चार चुकल्या. ४ ही खूण 'ह' नसून 'य' आहे, ५ ही 'ए' नसून 'व', ११ ही 'ग' नसून 'वि' आणि १० ही 'ओ' नसून 'इ'. बरोबर उच्चार घातले की नावे होतात 'दारयवउश', 'क्षयार्शा' आणि 'विश्तास्प'. आणि 'राजा' हा शब्द होतो 'क्षायथिय'. मराठी वाचकाला येथे थबकायला हवे. 'दारयव' मध्ये आपल्या 'धारय'चा आणि 'वसु'चा भाऊबंद आहे, आणि 'क्षायथिय' हा 'क्षत्र', 'क्षत्रिय' यांच्या कुळातला. ज्या जोडाक्षरासाठी ग्रोटेफेंडला ख् आणि श् शोधत बसावे लागले, त्याला आपल्या वर्णमालेत स्वतंत्र घर आहे.

४ सप्टेंबर १८०२ रोजी गॉटिंगेनच्या विज्ञान सोसायटीपुढे त्याचा पहिला लॅटिन निबंध मांडला गेला. त्यानंतर ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात आणखी तीन. गॉटिंगेनच्या समीक्षा-नियतकालिकात या कामाची हकिकत प्रसिद्ध झाली, पण मूळ निबंध सोसायटीने छापले नाहीत. लेखक विद्यापीठातील नव्हता, पौर्वात्य भाषांचा अभ्यासक नव्हता, साधा शाळामास्तर होता, हे कारण बहुतेक पुस्तकांत दिलेले असते. त्यात तथ्य असणारच. पण सोसायटीच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर दुसरी बाजूही दिसते. नावांच्या पलीकडे जाऊन ग्रोटेफेंडने केलेली भाषांतरे डळमळीत होती. ज्यांना अवेस्ताची भाषा येत होती त्यांना ती पटण्यासारखी नव्हती. चांगली नऊ अक्षरे आणि वाईट भाषांतर एकाच निबंधात होते. परीक्षकाने काय करावे? आजही असे शोधनिबंध परीक्षणासाठी येतात आणि त्यांतले चांगले ते ओळखणे सोपे नसते. अशा वेळी लेखक कोण, कुठल्या संस्थेतला, याकडे नजर वळते आणि अन्याय होतो.

इतिहासकार हेरेन हे ग्रोटेफेंडचे मित्र. त्यांनी प्राचीन जगातील व्यापार आणि राजकारण यांवरील आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत, १८०५ साली, ग्रोटेफेंडचा लेख परिशिष्ट म्हणून घातला. शोध युरोपभर पोचला तो या परिशिष्टातून.

ग्रोटेफेंड तोपर्यंत गॉटिंगेन सोडून फ्रँकफुर्टच्या शाळेत गेला होता (१८०३). १८२१ मध्ये तो हानोव्हरच्या शाळेचा संचालक झाला आणि १८४९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला. अर्ध्या शतकाहून जास्त काळ तो शाळेतच होता. लॅटिनचे व्याकरण लिहिले, इटलीतील उम्ब्रियन आणि ऑस्कन या जुन्या भाषांवर पुस्तके लिहिली, प्राचीन इटलीच्या भूगोलावर लिहिले. त्या क्षेत्रांत तो जाणकारच होता, आणि त्याच्या काळी त्याची ओळख पाचरींपेक्षा या कामामुळेच अधिक असावी.

१८२३ च्या सुमारास त्याच्या वाचनाला अनपेक्षित साक्षीदार मिळाला. पॅरिसमध्ये काउंट केलूस यांच्या संग्रहातील संगमरवरासारख्या दगडाचे एक पात्र होते. त्यावर पाचरींच्या तीन लिप्यांत आणि शिवाय इजिप्तच्या चित्रलिपीत एकेक ओळ कोरलेली. शाँपोल्याँने चित्रलिपीचा उलगडा नुकताच केला होता. त्याने चित्रलिपीतली ओळ वाचली, तेथे नाव निघाले झर्क्सीझचे. पाचरींच्या ओळीत ग्रोटेफेंडच्या पद्धतीने वाचलेले नावही तेच. दोन वेगवेगळ्या लिप्या, दोन वेगवेगळे वाचक, वाचण्याच्या दोन वेगवेगळ्या रीती, आणि उत्तर एक. याहून चांगला पडताळा कोणता?

पण पुढचे काम ग्रोटेफेंडच्या हातून झाले नाही. का झाले नाही, याचे उत्तर संस्कृतमध्ये आहे. 'राजांचा राजा' यातील 'राजांचा' हा शब्द मूळ लेखात 'क्षायथियानाम्' असा आहे. शाळेत संस्कृत शिकलेला कोणीही 'देवानाम्' आठवून सांगेल की ही षष्ठीच्या अनेकवचनाची खूण. ग्रोटेफेंडला विभक्ती ओळखू आली होती, पण तिच्यातले 'न' आणि 'म' ऐकू आले नाहीत, कारण हा प्रत्यय त्याच्या ओळखीचा नव्हता. १८०२ साली जर्मनीत संस्कृत शिकण्याची सोय जवळपास नव्हतीच, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. १८२६ मध्ये ही दोन अक्षरे डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने ओळखली. १८२० साली मुंबईला येऊन, पारशी पंडितांशी ओळख करून घेऊन, अवेस्ताच्या पोथ्या घेऊन परतलेला हा माणूस. १८३६ साली पॅरिसच्या ब्यूर्नुफ यांनी आणि बॉनच्या लासेन यांनी आणखी बरीच अक्षरे लावली. दोघेही संस्कृतज्ञ. लासेन यांच्या लक्षात आले की भारतीय लिप्यांप्रमाणे या लिपीतही व्यंजनात 'अ' मुरलेला असतो. आपल्याकडे बाराखडी शिकणाऱ्या मुलाला जे पहिल्या महिन्यात कळते, ते रोमन अक्षरांवर वाढलेल्या ग्रोटेफेंडला चाळीस वर्षांत सुचले नव्हते. तो प्रत्येक खुणेला एकच सुटा ध्वनी देत राहिला.

शेवटचा मोठा टप्पा हेन्री रॉलिन्सनचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो मुंबईला उतरला, फारसी शिकला, १८३३ मध्ये इराणला गेला. हमदानजवळच्या दोन लेखांवरून त्याने तीच तीन नावे, जवळपास त्याच युक्तिवादाने, ओळखली. बेहिस्तूनच्या कड्यावरील दार्युशचा प्रचंड लेख त्याने उतरवून घेतला आणि १८४६-४७ मध्ये तो वाचून प्रसिद्ध केला. 'क' आणि 'कु', 'म', 'मि' आणि 'मु' यांच्या खुणा वेगळ्या असतात हे त्याच सुमारास त्याने आणि आयर्लंडच्या हिंक्स यांनी स्वतंत्रपणे दाखवले. हा लेखही तीन भाषांत आहे. त्यातली जुनी फारसी वाचता आल्यावर शेजारची बॅबिलोनियाची लिपी उलगडली, आणि तिच्यामागून मातीच्या लाखो विटांवरचे जग: हिशेब, कायदे, ग्रहांची निरीक्षणे, साठ या पायावरचे गणित. आपण तासाची साठ मिनिटे करतो ती ज्या परंपरेतून आली, तिच्या गणिताच्या विटांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकात ओटो नॉयगेबाउअर यांनी सुरू केला तो गॉटिंगेनमध्येच.

या सगळ्या प्रगतीकडे हानोव्हरमधला ग्रोटेफेंड कसा पाहत होता? खेदाने सांगावे लागते, फारसा मोकळेपणाने नाही. १८३७ मध्ये त्याने पर्सेपोलिसच्या लेखांवर पुन्हा लिहिले, १८४० मध्ये बॅबिलोनियाच्या लिपीवर लिहिले, पुढेही लिहीत राहिला. पण जुन्या वाचनातील चुका सोडायला तो सहजी तयार नव्हता. १८३६ मध्ये तर त्याने भलताच धोका खाल्ला. सँकुनियाथॉन नावाच्या प्राचीन फिनीशियन लेखकाचा हरवलेला इतिहास सापडला, असे वागेनफेल्ड नावाच्या तरुणाने जाहीर केले. त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ग्रोटेफेंडने. लवकरच उघड झाले की सगळे बनावट आहे. अज्ञात लिपीत लपलेला झर्क्सीझ ज्याला दिसला, त्याला वाचता येणाऱ्या भाषेतील थाप दिसली नाही. झर्क्सीझच्या वेळी त्याच्याजवळ एकमेकांना छेदणारे शब्द होते. येथे ताडून पाहायला दुसरे काही नव्हते आणि सापडल्याचा आनंद मोठा होता.

१५ डिसेंबर १८५३ रोजी हानोव्हरमध्ये त्याचा मृत्यू झाला. १८०२-०३ चे ते चार लॅटिन निबंध गॉटिंगेनच्या दप्तरात तसेच पडून होते. १८९३ साली विल्हेल्म मेयर यांनी ते शोधून काढले आणि छापले. पहिल्या निबंधाला तेव्हा ९१ वर्षे झाली होती.